घराला काय असतं?

इंगोले सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते छातीपर्यंत कापसात बसून वाघ झाले होते.

मानोरा तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरच्या शाळेत माझी बदली झाली, ते कोरोनाचं वर्ष. शाळेत पोरं नव्हती. शिक्षक आम्ही दोनच, मी आणि मुख्याध्यापक इंगोले सर. मी हजर व्हायला गेले तर शाळेला बाहेरून कडी, आणि शेजारच्या घरातून डरकाळी. त्या घरच्या बाईनं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. खोलीत वेचणीचा कापूस छताला टेकला होता, आणि त्या ढिगात एक उंच, काटकुळा, मोठ्या कानांचा माणूस मोबाईलसमोर गुरगुरत होता. मला पाहून त्यानं हातानं थांबायची खूण केली, वाघाचा 'वा' नीट पूर्ण केला, लागोपाठ शिंका दिल्या, मग म्हणाला, "या ताई, या. वाघ झाला. आता वांगं राह्यलं."

शाळेच्या खोलीत आवाज घुमतो, कापसात घुमत नाही, हा त्यांचा स्वतःचा शोध. "शहरात म्हने आवाज भरासाठी भिंतीले गाद्या लावतेत," ते अंगावरचा कापूस झटकत म्हणाले. "आपल्याकडं तं गादी अजून शिवाचीच हाय."

तेव्हा शाळा बंद आणि शिक्षण चालू, असा कारभार होता. शिक्षकांच्या ग्रुपवर रोज सकाळी धड्यांच्या लिंका येऊन पडत. चांगले बनवलेले व्हिडिओ असायचे, रंगीत चित्रं, गोड आवाज. पण आमच्या तांड्यावरच्या लेकरांची घरची भाषा गोरमाटी. आई म्हणजे याडी, भाकरी म्हणजे बाटी. पहिलीत येणाऱ्या पोराला वऱ्हाडीच अर्धी कळते, तिथं पुस्तकातली मराठी तर पार दुसऱ्या गावची. सर म्हणायचे, "तो आवाज लय गोड हाय ताई, पन आपल्या पोट्ट्यायले तो रेल्वे टेशनातल्या बाईसारखा वाटते. बोलून राह्यली एवढं समजते, गाडी कोन्ती येऊन राह्यली ते नाई समजत."

म्हणून ते स्वतःच धडे बनवायला लागले होते. पन्नाशी उलटलेला माणूस, तोवर मोबाईलवर फक्त हवामान पाहणारा. आता त्यांच्या धड्यात याडी बाटी थापायची, शेळी कागद खायची, आणि त्यातूनच हळूच 'आई', 'भाकरी', 'कागद' हे शब्द यायचे. वाघही ते, शेळीही तेच. तरुणपणी गावच्या दंडारीत त्यांनी बायांची सोंगं केली होती, त्यामुळे याडीचा आवाज तर असा काढायचे की तांड्यावरच्या बाया तोंडाला पदर लावायच्या.

तांड्यावर रेंज जेमतेम, बोलण्यापुरती. व्हिडिओ चढेल एवढी ती गावाच्या पाण्याच्या टाकीवरच मिळायची. सर आपला मोबाईल जेवणाच्या डब्यात ठेवायचे, झाकण उघडं ठेवून डबा टाकीवर बांधायचे आणि खाली झाडाखाली भाकर खात बसायचे. व्हिडिओ वर चढला की डबा खाली उतरायचा. एकदा वांदरानं डबा पळवला. शाळेच्या पत्र्यावर बसून त्यानं मोबाईल दातानं चावून पाहिला, चाटून पाहिला, मग फेकून दिला. नशीब, कडब्यावर पडला. सरांनी उघडून पाहिलं तर त्यात वांदराच्या नाकाचा, दातांचा आणि मागच्या आभाळाचा एक व्हिडिओ तयार. त्या संध्याकाळी तो 'व वांदराचा' म्हणून टाकीवर चढला. दूरदूरच्या शिक्षकांचे फोन आले. "सर, हे कसं काय शूट केलं?" सर गंभीरपणे सांगायचे, "म्या नाई केलं भाऊ, त्यानं सोताच केलं."

आणि मग हसायचे.

त्या हसण्याबद्दल सांगायला हवं. बंद पडलेल्या हँडपंपाला हापसत राहावं, तसं ते सुरू व्हायचं. आधी नुसते खांदे हलायचे, मग कोरडी कुरकुर, आणि मग एकदम पाणी लागल्यासारखा लोंढा. पुढं शाळा भरू लागल्यावर तो लोंढा आला की शेजारच्या वर्गातली माझी पोरंही कारण माहीत नसताना हसत सुटायची. सरांचं म्हणणंच होतं, "आधी पोराले हासवा लागते ताई, मंग बसवा लागते. रडक्या पोराच्या डोक्यात काई जात नाई, नाकातूनच बाहीर येते." शाळा पुन्हा भरली तेव्हा त्यांनी हेच केलं. दोन वर्षं गुरांमागे, कोयत्यामागे फिरून आलेली पोरं त्यांनी हसवून हसवून बाकावर आणली. आता धड्यांत पोरंही दिसायला लागली. सर प्रश्न विचारत, पोरं ओरडून उत्तर देत, एखादं चुकलं की हशा. हे धडे आणखी चालले. शिरपूर, रिसोड, पार पुसदपर्यंतच्या शाळा वर्गात टीव्ही लावून ते पाहायच्या. आमच्या पोरांना त्याचं फार अप्रूप होतं.

निशा राठोड तेव्हा दुसरीत होती. बारीक चणीची, केसाला भरपूर तेल, आणि हात वर करायची तर थेट उभीच राहायची. त्या दिवशी सरांचा 'घर' हा धडा चालला होता. मी बाजूच्या वर्गात होते. भिंतीपलीकडून सरांचा प्रश्न मला ऐकू आला, "सांगा बरं, घराले काय काय असते?" पोरं ओरडली, दार, खिडकी, छप्पर, चूल. मग एकच कुणीतरी काही म्हणालं, आणि मग तो लोंढा. सरांचं हसणं, त्यावर सगळ्या वर्गाचं हसणं. मला आठवतं, माझी पोरं गणितात कंटाळली होती, तीही हसली, आणि मला बरं वाटलं.

व्हिडिओ टाकीवर चढला. त्यात निशा उभी राहून म्हणते, "कुलूप." सर म्हणतात, "कुलूप?" आणि हसू लागतात.

पोळा झाल्यावर अकोल्याहून माझ्या मावसबहिणीनं मला एक क्लिप पाठवली. 'ही तुमचीच शाळा ना गं?' कुणीतरी आमच्या व्हिडिओतला तेवढाच तुकडा कापला होता. निशा म्हणते "कुलूप", सर हसतात, वर्ग हसतो, मग गाढवाचं ओरडणं, मग तिचा चेहरा मोठा केलेला, आणि खाली लिहिलेलं, 'जिल्हा परिषदेची हुशारी'. दोनच दिवसांत ती दहा बाजूंनी माझ्याकडे आली. कुणी गाढव काढून गाणं लावलेलं, कुणी तिच्या डोक्यावर कुलूप चिकटवलेलं.

सरांना मीच दाखवलं. दुपारची सुट्टी होती. त्यांनी क्लिप पाहिली आणि पहिल्यांदा त्यांना राग आला तो गाढवाचा. "माह्या व्हिडिओत गाढव नाई, ताई." मग ते म्हणाले, मूळचा काढा बरं. आम्ही मूळचा व्हिडिओ लावला. त्यांनी तो एकदा पाहिला, पुन्हा पाहिला. मग माझे इअरफोन मागितले. एक त्यांनी कानात घातला, एक मला दिला.

इअरफोनवर मोठा आवाज करून ऐकलं, तर सरांच्या हसण्याच्या खाली एक बारीक आवाज होता. निशा उभीच होती आणि सांगत होती, "दसऱ्याले लावतेत सर. होळीपरेंत असते."

तांड्यावरची निम्मी घरं दसरा झाला की कुलूप लावून ऊसतोडीला जातात. होळीला परत येतात. हे आमच्या हजेरीपटाला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, सरांना तर वीस वर्षं माहीत होतं. घराला काय असतं, याचं त्या लेकरानं डोळ्यांनी पाहिलेलं उत्तर दिलं होतं, आणि कारणही सांगितलं होतं.

सरांनी व्हिडिओ थांबवला होता तिथं निशाचा चेहरा होता. सगळे हसत होते, आणि तिच्या तोंडावरही हसू होतं. पण तिची नजर सरांच्या तोंडाकडे होती. "हे पाहा ताई," सर म्हणाले. "ती हासून नाई राह्यली. मी हासलो म्हणून तिनं हासून घेतलं."

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते मोबाईलवर वाकलेल्या सरांचे. सकाळी प्रार्थना झाली की ते क्लिप शोधायचे. मी आणि ते दोघंही एकेका ठिकाणी तक्रार नोंदवायचो. एक निघायची, दुसऱ्या दोन यायच्या. जणू तणाला कापावं आणि त्यानं फुटावं. "ताई, हे बंद कुठून होते?" ते विचारायचे. कुठूनच होत नव्हतं.

निशा शाळेत यायची थांबली. सर तिच्या घरी गेले. ती दाराआड उभी राहिली, बाहेर आली नाही. दसरा झाल्यावर तिचे आईबाप ट्रॅक्टरवर बसले तेव्हा तिलाही घेऊन गेले. आदल्या वर्षी ती काकीजवळ राहिली होती, शाळेसाठी. या वर्षी तिनंच थांबायचं नाही म्हटलं. त्यांच्या दाराला कुलूप लागलं. सर शाळेत येताना त्या गल्लीतून यायचे, ते दुसऱ्या वाटेनं यायला लागले.

वाईट म्हणजे लोक त्यांचं कौतुक करत होते. मानोऱ्याच्या हॉटेलात चहावाला त्यांच्यासमोर चहा ठेवायचा आणि म्हणायचा, "सर, काय हासले बावा तुमी! आमच्या घरी सारे पाहून पाहून लोळले." एका लग्नात नवरदेवाच्या मामानं त्यांच्यासोबत फोटो काढला. "हे आमचे कुलूपवाले सर." आता त्यांचं हसणं खांद्यापर्यंत यायचं आणि तिथंच थांबायचं. एखादं पोर काही मजेशीर बोललं की त्यांचे खांदे हलायचे, मग हात तोंडावर जायचा, आणि ते फळ्याकडे वळायचे.

त्यातच वाशिमला शिक्षकांचं प्रशिक्षण निघालं. ऑनलाइन धडे कसे बनवावेत, यावर बोलायला सरांना बोलावलं. मी सोबत होते. सभागृह भरलेलं. सूत्रसंचालकानं हसत हसत सांगितलं, ज्यांच्या एका व्हिडिओनं सगळ्या महाराष्ट्राला हसवलं, ते आपले इंगोले सर. सर उठले. माईकपुढे गेले.

"त्या पोरीचं उत्तर बरोबर होतं," ते म्हणाले. "तिच्या घराले अर्धं साल कुलूपच असते. मी तिचा मास्तर हावो. मले ते माहीत होतं. तरी मी हासलो. आता इथं मी कोनाले काय शिकवू?"

आणि खाली उतरून आले. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. सर माझ्या शेजारी बसले. त्यांचे कान लाल झाले होते. "ताई," ते हळूच म्हणाले, "हे टाळ्या कायच्या वाजवून राह्यले?"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी चॅनेल काढून टाकायला घेतलं. एकेक धडा. मी भांडले. म्हटलं, सर, तो एक व्हिडिओ काढा, बाकीच्यांनी काय केलं? किती शाळा तुमच्या धड्यांवर चालतात. किती लेकरं त्यावर वाचायला शिकली. याडीचा धडा काढू नका, वांदराचा काढू नका.

"हाव, शिकले," ते म्हणाले. "पन ताई, शंभर पोरायचं भलं झालं, म्हणून एका पोरीचं बुरं फिटत नाई."

"पण या शंभरांनी तरी तुमचं काय बिघडवलं?"

त्यांनी वांदरही काढला.

मग फोन यायला लागले. शिरपूरकडच्या एका शाळेतल्या मॅडमचा फोन मी ऐकला, सरांनी स्पीकरवर ठेवला होता. "सर, तुमचा पाण्याचा धडा कुठं गेला? आमचे पोट्टे टीव्हीपुढं बसून राह्यले." मागं खरंच पोरांचा गलका होता. सर म्हणाले, "आता नाई मॅडम तो." फोन ठेवून ते पायरीवर बसले. "त्या पोट्ट्यायचंही मी वाईटच केलं."

"मग ठेवायचे होते."

"ठेवले असते तरी वाईटच होतं, ताई."

दिवाळीच्या सुट्टीत ते निशाच्या आईबापांना शोधत गेले. दोन एसट्या बदलून, विचारत विचारत ते ऊसतोडीवाल्यांच्या वस्तीवर पोचले. हे सगळं त्यांनी मला शाळा उघडल्यावर सांगितलं, तेही एका दमात नाही. आज थोडं, उद्या थोडं. पाचटाच्या कोप्या, म्हणजे वीतभर दाराच्या झोपड्या, ओळीनं. निशा उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्याच्या पेंढ्या बांधत होती. सरांना पाहिलं आणि ती पेंढी टाकून कोपीत गेली. तिची आई बाहेर आली. ती रागावली नाही, ओरडली नाही.

"इथंही पोट्टे तिले कुलूप म्हनतेत, सर," ती म्हणाली. "दुसऱ्या जिल्ह्यातले पोट्टे. आमाले ओयखत नाईत, पन तिले ओयखतेत."

सरांनी सांगितलं, मी ते सगळं काढून टाकलं, लोक कसे आहेत पाहा, तुकडा कापला, गाढव टाकलं.

आई म्हणाली, "लोक मंगून हासले, सर. पैले तं तुमी हासले."

"मी नुसतं हाव म्हनलो ताई," सर मला म्हणाले. "दुसरं काय म्हनू? मंग तिनं मले चहा देल्ला. तो प्याले मले लय वेळ लागला."

त्यांनी निशाला शाळेत पाठवा म्हणून विनवलं. आईनं त्या वेळी हो म्हटलं नाही. पण महिनाभरानं निशाचा मामा गावाकडं परत येत होता, त्याच्यासोबत तिनं निशाला काकीकडं पाठवलं. आणि निरोप दिला, सराले सांगजो, शिकवा, पन तो मोबाईल तिच्यापुढं आनू नका. सरांनी त्या दिवसापासून शाळेत आल्याबरोबर मोबाईल बंद करून कपाटात टाकायला सुरुवात केली. साहेबांचे फोन लागेनात. साहेब चिडले. सरांनी चिडू दिलं.

निशा मागच्या बाकावर बसायची. लिहायची, गणितं करायची, पण तोंड उघडायची नाही. सरांनी तिला एकदाही प्रश्न विचारला नाही. विचारायची भीती वाटत होती, हे मला दिसत होतं. संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. खिचडी खाऊन झाली होती, पोरं नळावर ताटल्या धूत होती. सरही आपली ताटली घेऊन रांगेत. निशा त्यांच्यापुढे होती. तिनं ताटली धुतली, वळली, आणि सरळ विचारलं.

"सर, तुमी काहून हासले होते?"

नळ चालूच होता.

"मले समजलं नाई, बाई."

"मंग इचारा लागत होतं."

"हाव. इचारा लागत होतं."

"मी सांगतलं होतं. तुमी हासूनच राह्यले होते."

"हाव," सर म्हणाले. "चुकलं माह्यं."

तिनं नळ बंद केला, ताटलीतलं पाणी झटकलं आणि ती वर्गात गेली. मला वाटलं, आता गाठ सुटेल, दुपारी ही पोरगी हात वर करेल. तसं काही झालं नाही. तिला फक्त विचारायचं होतं, ते तिनं विचारलं. सर मात्र त्या दिवशी नळाजवळ उभेच होते. शेवटी एका पोरानं त्यांच्या हातातली ताटली घेऊन धुतली.

निशानं मोठ्यानं वाचलं ते फार उशिरा, सर रजेवर होते त्या दिवशी. दोन्ही वर्ग माझ्याकडे होते. मी सहज म्हटलं, कोण वाचतं? ती उभी राहिली आणि आख्खा धडा वाचला. अडखळत, पण न थांबता. दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं. त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. कोणता धडा, कुठं अडखळली, आवाज केवढा होता. मग विचार करून म्हणाले, "मंजे मी नसलो की वाचते."

तेव्हापासून ते काहीतरी निमित्त काढायचे. खडू आणतो, टाकी पाहून येतो, पोषण आहाराची चव घेतो. वर्ग माझ्यावर सोपवून ते बाहेर जायचे. निशा वाचायची. एकदा मी खिडकीतून पाहिलं तर सर शाळेच्या मागच्या भिंतीला पाठ लावून भर उन्हात उभे होते. डोळे मिटलेले, मान खाली, खिडकीकडे कान. निशानं 'नदी' असं वाचलं की त्यांचे ओठ 'नदी' म्हणायचे. मी खिडकीपासून बाजूला झाले. मला ते पाहायचा हक्क नव्हता, असं वाटलं.

त्या उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा धडे बनवायला घेतले. मला न सांगता. शेजारच्या घरात तेव्हा कापूस नव्हता, म्हणून घडवंचीवर रचलेल्या गोधड्यांत तोंड घालून. या वेळी नुसता आवाज. चित्र नाही, पोराचा चेहरा नाही. वाघ होता, शेळी होती, याडी होती, पण हसणारे सर नव्हते. प्रश्न विचारला की मोठी शांतता, आणि मग सरांचा आवाज, "बरं. काहून असं वाटते तुले? सांग." पुन्हा शांतता. मग पुढचा प्रश्न. हे धडे शिक्षकांना पचले नाहीत. फोन यायचे, "सर, तुमचा ऑडिओ मधातच बंद पडते."

"बंद नाई पडत भाऊ," सर सांगायचे. "तो पोरगं बोलाची वाट पाह्यते."

पहिल्या धड्यांसारखे हे कधीच गाजले नाहीत. थोड्या शाळांनी घेतले. पण मी माझ्या वर्गात लावायचे, आणि त्या शांततेत पोरं जे बोलायची ते मी तोवरच्या नोकरीत ऐकलं नव्हतं. मी सरांना हे सांगितलं की ते "असं?" म्हणायचे आणि विषय बदलायचे. त्यांना शाबासकी घ्यायची सवयच राहिली नव्हती. कुणी चांगलं म्हटलं की ते मागं वळून पाहायचे, आपल्या मागं दुसरं कुणी उभं आहे का.

पुढं माझी बदली आसेगावकडं झाली. सर निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला मला जाता आलं नाही. निशा आता पाचवीत आहे, तालुक्याच्या वसतिगृहात राहते. तांड्यावर तिला अजूनही कुलूप म्हणतात, आता चिडवायला नाही, सवयीनं. ती त्या नावालाही वळून पाहते, असं काकी सांगत होती. सरांना हे माहीत आहे.

मागच्या दसऱ्यानंतर मी मानोऱ्याला काही कामासाठी गेले होते. परतताना सहज तांड्याकडं वळले. जाण्याचा दिवस होता. ट्रॅक्टर रांगेनं उभे, ट्रॉल्यांत भांडी, अंथरुणं, कोंबड्या, पीठ, लेकरं. मुकादमाची घाई चाललेली. आणि त्या गर्दीत इंगोले सर, केस सगळे पांढरे, गळ्यात चार्जरची वायर, प्रत्येक ट्रॉलीजवळ जाऊन आयाबापांचे मोबाईल मागत होते. उसाच्या फडात रेंज नसते, म्हणून ते धडे मोबाईलातच भरून देत होते. लेकरं सहा महिने ऐकतील. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मीही हाक मारली नाही.

एका बाईचा मोबाईल त्यांच्या हातात असताना ट्रॅक्टर सुरू झाला. "थांबा भाऊ, जरासंच राह्यलं!" सर ओरडले. ड्रायव्हर म्हणाला, "मुकादम बोंबलून राह्यला सर, चालता चालता करा." ट्रॅक्टर हलला. सर दोन्ही मोबाईल एकमेकांना चिकटवून ट्रॉलीच्या कडेनं चालू लागले, मग भरभर, मग जवळजवळ पळत. वरून ती बाई वाकून हात लांब करत होती, तिच्या मांडीवरचं लेकरू सरांकडे पाहत होतं. नाल्याच्या पुलाजवळ त्यांनी मोबाईल वर दिला. बाईनं तो धरला आणि काहीतरी विचारलं. धुळीत मला ऐकू आलं नाही. सरांनी मान हलवली.

ट्रॅक्टर पुलापलीकडे गेला. सर गुडघ्यांवर हात टेकून क्षणभर वाकले. मग सरळ झाले आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या ट्रॅक्टरला हात दाखवत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.